मॉपची दाढी

माझी मुलगी घरात बोलून बोलून डोकं उठवायची आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मूग गिळून गप्प. साडेपाच वर्षांची होती तेव्हा. आम्ही अबुधाबीत एका सातमजली बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहत होतो. मी मराठीत विचारायचं आणि तिने फाडफाड इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. म्हणजे भाषा येत नव्हती असं नाही. पण लिफ्टचं दार उघडून शेजारीण आत आली, की हिचा चेहरा असा होई की जणू कुणी आतून कडी घातली. शाळेत तर पहिल्या दिवसापासून एक अक्षर नाही. हजेरीला 'प्रेझेंट मिस' म्हणायचं, तर तेही नाही. नुसता हात वर.

टीचरने मला बोलावून घेतलं. केजी टूचं वर्ष होतं. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की मार्चपर्यंत ही एकदाही बोलली नाही, तोंडी परीक्षा दिली नाही, तर पहिलीत घेता येणार नाही. आणि मग दुसऱ्या कुठल्या शाळेचा विचार करावा लागेल. 'दुसऱ्या' हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. मला काय ते कळलं, विशेष मुलांची शाळा. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बोलेल ग. लहान आहे." त्याला काय, तो सकाळी सहाला कंपनीच्या बसने मुसफ्फाला जायचा, एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता, आणि संध्याकाळी घरी आला की मुलगी त्याच्या मांडीवर बसून तासभर बडबड करायची. न बोलणारी मुलगी त्याला कधी दिसलीच नव्हती. ती माझ्या वाट्याला आली होती.

माझा स्वभाव तसा तापट. मी सगळं करून पाहिलं. चॉकलेटचं आमिष दाखवलं, टीव्ही बंद केला, देवाला बोलले. आणि एक गोष्ट केली ती सांगायला आजही जीभ अडखळते. सप्टेंबरात एकदा आम्ही लिफ्टमध्ये होतो. पाचव्या मजल्यावरची इंग्रज नर्स आत आली आणि वाकून तिने मुलीला नाव विचारलं. मुलगी गप्प. नर्सने पुन्हा विचारलं. मुलगी माझ्या ओढणीत शिरायला लागली, आणि मी ओढणीच्या आतून तिच्या दंडाला चिमटा काढला. चांगला, पिळून. ती रडली नाही. बोललीही नाही. माझ्याकडे फक्त वर बघितलं आणि मजला येईपर्यंत बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दंडावर निळा डाग होता. आंघोळ घालताना तो मी पाहिला आणि आम्ही दोघी त्याबद्दल काही बोललो नाही.

त्याच महिनाअखेरीला माझे बाबा आले. आईला जाऊन आठ महिने झाले होते. गुहागरकडच्या आमच्या गावात ते एकटे पेज करून खात होते, म्हणून मी हट्टाने व्हिजिट व्हिसा काढून त्यांना बोलावून घेतलं. बाबा पोस्टमन होते, पस्तीस वर्षं वाड्यावाड्यांतून चालले. अबुधाबीत त्यांना चालायला कुठे जागा नव्हती. दिवसभर काळी टोपी घालून सोफ्यावर बसायचे आणि नात शाळेतून आली की दोघांचं सुरू व्हायचं. गंमत म्हणजे त्यांच्याशी ती मराठीत बोलायची. मोडकंतोडकं, पण मराठीत. मला इंग्रजी आणि आजोबांना मराठी.

ऑक्टोबरात लिफ्टमध्ये एक कागद लागला. त्यावर भोपळा काढला होता, भोपळ्याला डोळे आणि दात होते, आणि खाली लिहिलं होतं की महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी बिल्डिंगमधली मुलं सोंगं घेऊन दारोदार येतील. ज्यांना चालणार असेल त्यांनी आपल्या दारावर नारिंगी कागद लावावा. ती इंग्रज नर्सच हे सगळं करत होती. मला हॅलोवीन म्हणजे काय, पत्ता नव्हता. नवऱ्याने ऑफिसात विचारून माहिती आणली. मुलं भुताखेतांचे कपडे घालतात, बेल वाजवतात, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतात आणि लोक त्यांना चॉकलेट देतात.

"म्हणजे शिमगाच की," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

"बाबा, शिमगा कसला. हे यांचं वेगळं असतं."

"वेगळं काय? सोंग घ्यायचं, दारात जायचं, पोस्त मागायचं. यांना पोस्त काय देतात?"

"चॉकलेट."

"आपल्याकडे नारळ नि सुटे पैसे. तेवढाच फरक."

मला त्या शिमग्याशी काही कर्तव्य नव्हतं. माझ्या डोक्यात ते तीन शब्द घुसले होते. ट्रिक ऑर ट्रीट. मोठी वाक्यं नकोत, नाव सांगायला नको, फक्त तीन शब्द, आणि बाजूला दहा मुलं तेच ओरडत असणार. एकदा त्या गर्दीत तिच्या तोंडातून ते निघाले की बांध फुटेल, मग शाळा काय लांब आहे, असा मी हिशेब बांधला. त्या दिवसापासून मी तिला पिडायला सुरुवात केली. भात कालवताना, वेणी घालताना, बूट घालताना, म्हण बघू, ट्रिक ऑर ट्रीट. घरात ती छान म्हणायची. दार उघडून तिला पॅसेजमध्ये उभी केली आणि म्हण म्हटलं, की खलास.

मॉलमध्ये परीचा ड्रेस पाहिला तर एकशेवीस दिरहम. एका संध्याकाळसाठी चौदाशे रुपये कोण घालणार? मी तिथेच हात टेकले. मुलगीही म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट फेअरी." मग काय हवंय, तर घरी येऊन आजोबांच्या मांडीला टेकून म्हणाली, "संकासुर."

संकासुर म्हणजे आमच्या शिमग्यातला काळा राक्षस. कोकणात शिमग्याला देवाची पालखी आणि खेळे, म्हणजे नाचगाणी करणारी मंडळी, घरोघर फिरतात, त्यांच्याबरोबर हा असतो. अंगभर काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, पांढरी दाढी, लाल जीभ, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. हातात दोर घेऊन पोरांच्या मागे धावतो. माझ्या लहानपणी आमच्या वाडीतला संकासुर माझे बाबाच असायचे. मला त्यातलं एकच आठवतं. मी भाताच्या कणगीमागे लपून किंचाळत होते, काळं तोंड माझ्यावर वाकलं होतं, आणि मग त्या काळ्यातून बाबांचा घामेजलेला चेहरा बाहेर आला. पुढे त्यांनी ते सोंग सोडलं. गुडघ्यामुळे सोडलं असं घरात सगळे म्हणत.

दुपारभर बाबांनी नातीला हेच सांगितलं होतं तर. मी कपाळाला हात लावला. पण मुलीने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिचं काय चाललंय.

"आजोबा, संकासुर बोलतो?"

"नाय. त्याने बोलायचं नसतं. त्याची घुंगरं बोलतात."

"मग मी संकासुर," ती म्हणाली. विषय संपला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती आत गेल्यावर मी बाबांना धरलं. "मी इथे महिनाभर घसा कोरडा करतेय की हिने तोंड उघडावं, आणि तुम्ही तिला मुकं सोंग शिकवताय? तिला मार्चनंतर शाळेत घेणार नाहीत, कळतंय का तुम्हाला?"

बाबा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "बाय, ती आजवर कोणाच्या दारात उभी राहिलेय का? आधी उभी तर राहू दे."

 मी भांडी आपटायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलचा कारखाना झाला. आमच्या बिल्डिंगखाली अबाया, म्हणजे इथल्या बायकांचे काळे झगे, शिवणाऱ्यांची दोन दुकानं होती. काळं कापड या देशात मागेल तेवढं. बाबा खाली जाऊन आपल्या पोस्टातल्या हिंदीत म्हणाले, "भाईसाब, काला तुकडा मिलेगा क्या? नाती को राक्षस बनाना है." शिंपी पेशावरकडचा होता. त्याने चष्म्यावरून बाबांकडे एकदा पाहिलं आणि कातरणीखालचे उरलेले तुकडे एका पिशवीत भरून दिले. पैसे घेतले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी वर निरोप पाठवला की राक्षसाला हात लांब हवेत की आखूड, ते सांगा, म्हणजे बाह्या शिवून देतो. तिसऱ्या दिवशी झगा तयार, आणि सोबत डोळ्यांना भोकं ठेवलेला, लाल जिभेचा मुखवटाही. असलं गुळगुळीत, भारी काळं कापड आमच्या गावच्या संकासुराने कधी पाहिलं नसेल.

टोपी कॅलेंडरची केली. भिंतीवरचं मोठं, जाड पुठ्ठ्याचं, कुठल्याशा व्यापाऱ्याने फुकट दिलेलं. त्याचे उरलेले दोन महिने कापून ठेवले आणि बाकीचं गुंडाळून, आतून चिकटपट्टी लावून, वरून अबायाचं कापड चढवलं. पुढे दोन महिने आम्ही तारखा त्या फाटक्या चतकोरावर पाहत होतो.

दाढीने मात्र नाकीनऊ आणले. गावाला दाढी तागाची करतात. इथे ताग कुठून आणायचा? नवरा मुसफ्फाहून मोठ्या दिमाखात एक पिशवी घेऊन आला, म्हणाला हे घ्या, पांढरंशुभ्र, वर्कशॉपमध्ये ढीग पडलाय. डक्टवर गुंडाळतात ती काचेची लोकर होती. बाबांनी ती हनुवटीला लावून आरशात बघितलं, नातीला दाखवलं, दोघं हसले. अर्ध्या तासात बाबांची मान लाल झाली आणि दोन दिवस ते रात्रंदिवस खाजवत होते. मी नवऱ्याला इतकं झापलं की तो पिशवी घेऊन स्वतः खाली कचऱ्यात टाकून आला. "सॉरी, मला वाटलं हातमोजे आम्ही उगाच घालतो," म्हणाला. पोटच्या पोरीच्या तोंडाला हे लावणार होता!

शेवटी बाबांची नजर माझ्या नव्या मॉपवर पडली. आदल्या दिवशीच आणला होता, सात दिरहमचा, म्हणजे ऐंशी रुपये, आणि त्याने अजून एकही लादी पुसलेली नव्हती. जाड पांढऱ्या सुताच्या झिपऱ्या. बाबा उठले. मॉप हातात घेऊन त्याच्या झिपऱ्या बोटांनी विंचरत बसले. मीच कात्री आणून दिली. त्या महिन्यात मी गुडघ्यांवर बसून फडक्याने लादी पुसली.

घुंगरं मिळाली जनावरांच्या बाजारात. शुक्रवारी सकाळी नवरा आणि बाबा बंदराकडे जाऊन शेळ्यांच्या गळ्यात बांधायच्या बारा छोट्या घंट्या घेऊन आले. बाबांनी त्या जुन्या पट्ट्यावर ओवल्या. पोरीने तो पट्टा बांधला तो काढायलाच तयार नाही. सकाळी उठून संडासला जाताना खणखण, जेवताना खणखण. खालच्या मजल्यावरचे लोक नातूरकडे तक्रार करून आले की वर कुणीतरी बकरी पाळली आहे. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, खरंच बघायला वर आला. मुलगी दारात उभी राहिली, त्याच्याकडे बघून कमर हलवली आणि पळून गेली. बोलली नाही, पण दारापर्यंत आली, हे मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. माझ्याकडे बघून भुवई उडवली, मी मान फिरवली.

बाबा तिला रोज शिकवणी द्यायचे. बेल एकदाच वाजवायची आणि थांबायचं, घाई करायची नाही, माणूस आत कामात असतं. हे संकासुराचं नव्हे, पोस्टमनचं होतं. मग नाचायचं कसं, एक पाय उचलून झटका कसा द्यायचा. दोर नको असं मी बजावलं होतं, कुणाच्या पोराला लागला तर पोलिस येतील, म्हणून दोराऐवजी कापडाची पट्टी. आणि एक गोष्ट ते रोज शेवटी सांगायचे.

"लहान पोर रडलं तर काय करायचं?"

"मास्क वर करायचा," ती म्हणायची.

"लगेच. आणि काय सांगायचं?"

"रडू नको, मीच आहे."

"मग पोर गप होईपर्यंत मुखवटा खाली घ्यायचा नाय. भले मग बाकीचे पुढे जाऊ देत."

"पण संकासुर बोलत नाही ना?"

"मुखवटा वर केला की तो संकासुर नाय. मग तू आहेस."

मी भाजी चिरता चिरता हे ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हिला तीन शब्द येईनात, यांचे नियम बघा.

तो गुरुवार आला. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली आणि मुलं तळमजल्यावर जमली. दोन पऱ्या, एक चेटकीण, एक मांजर, चादर पांघरलेलं एक भूत. बहुतेक सगळं दुकानातलं, इस्त्रीच्या घड्या तशाच. आमच्या लिफ्टचं दार उघडलं आणि आधी घंट्या ऐकू आल्या. मग कॅलेंडरची टोपी दाराला अडकली. मग संकासुर बाहेर आला, छातीभर मॉपची दाढी, लाल जीभ लोंबतेय. सगळी पोरं मागे सरली. नर्स म्हणाली, "ओह माय वर्ड," आणि वाकून विचारलं, तू कोण आहेस? मुलीने एक पाय उचलून झटका दिला, खण्ण. मी पुढे होऊन सांगणार होते की हिला जरा बोलायला वेळ लागतो, पण नर्सला उत्तर पुरलं होतं. ती टाळ्या वाजवत होती.

पहिलं दार एका मल्याळी कुटुंबाचं. पोरं 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडली. मी मुलीच्या मागे उभी, कान तिच्या मुखवट्याला लावल्यासारखी. काही नाही. चॉकलेटं पिशव्यांत पडली, यल्ला, म्हणजे चला, म्हणत पोरं वळली, आणि बाबा मात्र तिथेच थांबले. दारापुढे हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पोस्त घेतल्यावर त्या घरासाठी देवाकडे मागणं मागायचं, ही आमच्याकडची रीत. ह्या घरातल्या बाळगोपाळांना सुखी ठेव, परमुलखात आलेत, त्यांच्या हाताला यश दे, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल. आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबून स्वतःच, "होय महाराजा." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांची बाही ओढली, "बाबा, इथे हे करत नाहीत." ते म्हणाले, "अगो, फुकट कसं घ्यायचं?"

तिसऱ्या दारापर्यंत पोरांना ते कळलं. चौथ्या दारात बाबा थांबले की पऱ्या, चेटकीण आणि भूत एका सुरात "होय महाराजा" ओरडू लागले, आणि माझी मुलगी प्रत्येक वेळी घंट्या वाजवू लागली. नर्सने मला विचारलं, ते काय म्हणताहेत. मी सांगितलं. ती म्हणाली, माझी आई तिकडे इंग्लंडात हॉस्पिटलमध्ये आहे, तिच्यासाठी म्हणतील का. बाबांनी तिच्या दारात सगळ्यात लांब गाऱ्हाणं घातलं. मी बाही ओढली नाही.

पण माझं काम झालं नव्हतं. एकोणीस दारं झाली. एकोणीस वेळा पोरं ओरडली आणि एकोणीस वेळा माझी पोर मुकी राहिली. तिला मजा येत होती हे तिच्या पायांवरून दिसत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. एवढं सगळं केलं, मॉप कापला, आणि शेवटी काय, तर मार्च तिथेच आहे. जिन्यात मी तिचा खांदा धरला आणि म्हटलं, "एकदा म्हण. फक्त एकदा. आईसाठी." मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे वर बघत राहिले. लिफ्टमध्ये बघितलं होतं तसेच. मी हात काढून घेतला.

शेवटचं दार सातव्या मजल्यावर एका सीरियन बाईचं. बेल वाजली, तिने दार उघडलं आणि तिच्या पायांमधून एक दीड-दोन वर्षांची मुलगी बाहेर आली. सगळ्यात पुढे संकासुर उभा. त्या बाळीने वर पाहिलं, तोंड उघडलं, श्वास अडकला, आणि मग असा टाहो फोडला की पूर्ण पॅसेज दणाणला. तिची आई हसत अरबीत समजावत होती, "खलास, हबीबती, खलास." पोरंही हसायला लागली. बाळी पळायला गेली, पायमोज्यांवर घसरून पडली आणि तिथेच पालथी पडून किंचाळत राहिली.

घंट्या वाजल्या. माझी मुलगी उंबरठा ओलांडून आत गेली, कुणाला न विचारता, परक्या घरात. गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी मुखवटा वर सारला, तशी टोपी मागे पडली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली. दाढी गळ्याशी लोंबत होती, केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"रडू नको," ती म्हणाली. "मीच आहे. बघ, मीच."

मोठ्याने म्हणाली. घरातल्या आवाजात. बाळीला मराठी कुठून कळणार, ती रडतच होती. तेव्हा मुलीने तेच इंग्रजीत सांगितलं, "डोन्ट क्राय. इट्स ओन्ली मी." तरी थांबेना, तर पुन्हा मराठीत. पॅसेजमध्ये दहा पोरं होती, तीन आया होत्या, आणि तिला आमच्यापैकी कुणी दिसत नव्हतं. पाच-सहा वेळा तरी ती म्हणाली असेल. मग बाळीने मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून मॉपची दाढी ओढली.

नर्स माझ्या बाजूने पुढे झाली आणि उंबऱ्यातून हळूच विचारलं, "अँड व्हॉट्स युअर नेम, लव्ह?"

मुलीने नाव सांगितलं. आडनावासकट. मागे न बघता, दाढी सोडवून घेता घेता.

 बाबा टोपी काढून पंख्यासारखी हलवत होते, त्यांना सात मजल्यांचा दम लागला होता.

शाळेत ती लगेच बोलली असं नाही. डिसेंबर उजाडला. टीचरचा फोन आला की आज तिने शेजारच्या मुलीकडे खोडरबर मागितलं, पूर्ण वाक्यात. पुढे पहिलीत गेली आणि त्यानंतर टीचरांनी तिच्या बडबडीच्या तक्रारी केल्या, ते जाऊ दे.

मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. शुक्रवार होता, नवरा झोपला होता, बाबा आणि मी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. मी म्हटलं, "बाबा, पोर रडलं की मुखवटा काढायचा, हा नियम मला माहीतच नव्हता. आपल्या वाडीत पोरांचं इतकं बघायचे?"

बाबा बशीत फुंकर घालत म्हणाले, "नियम कुठला? उलट. पालखी दारात असताना संकासुराने तोंड दाखवायचं नाय. अपशकुन मानतात."

"मग तुम्ही माझ्या वेळी..."

"तू तीन-साडेतीन वर्षांची. कणगीमागे शिरलीस नि श्वासच घेईनास. निळी पडलीस. मग काय करू, शकुन बघत बसू?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "गावकीने दंड केला. पाच नारळ. नि सोंग काढून घेतलं, पुढच्या वर्षीपासून चुलत्याच्या पोराला दिलं. बरोबरच होतं त्यांचं."

"गुडघ्यामुळे सोडलं म्हणता ते?"

"तुझी आय सांगायची तसं. पोरीला कळलं तर तिला वाटेल आपल्यामुळे, म्हणून." मग म्हणाले, "हिला म्हटलं, नियम म्हणूनच सांगावं."

मी कप ओट्यावर ठेवला आणि आत गेले. मुलगी जमिनीवर बसून चॉकलेटांचे रंगांप्रमाणे ढीग लावत होती. कमरेला घंट्या तशाच. मी तिच्यासमोर बसले.

"लिफ्टमध्ये मी तुला चिमटा काढला होता. आठवतं?"

"यस," ती म्हणाली. मान वर न करता. क्षणभरही आठवावं लागलं नाही तिला.

"माझं चुकलं. फार चुकलं. परत कधी नाही."

एवढं बोलून होईतो माझा बांध फुटला. मी तोंड फिरवलं, पदर नव्हता म्हणून बाहीलाच डोळे पुसले, पण ते काही थांबेना. मुलीच्या घंट्या वाजल्या. ती गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला, आणि नीट दिसावं म्हणून स्वतःच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"रडू नको, आई," ती मराठीत म्हणाली. "मीच आहे."